पहिल्या पिशवीत काय होतं

“सायलीला ऑटिझम आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि टेबलाखाली गेलेला चेंडू काढायला वाकल्या.

तो चेंडू त्यांनी सायलीकडे चार वेळा सरकवला होता. चारही वेळा तिने बघितलं नव्हतं. ती खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

सायली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. आम्ही शिरूरहून सकाळच्या एसटीने पुण्याला गेलो होतो. ऑटिझम हा शब्द मी त्याआधी ऐकलाच नव्हता. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, हेही तिथेच कळलं. डॉक्टरांनी समजावलं ते असं: हा ताप-खोकल्यासारखा आजार नाही. या मुलांच्या मेंदूची जडणघडणच वेगळी असते. बोलणं, नजर देणं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, या गोष्टी त्यांना आपसूक येत नाहीत. मी विचारलं, “बरी होईल ना?” त्या म्हणाल्या, “शिकेल. किती शिकेल ते आज सांगता येणार नाही.”

ज्यांच्या घरात आज असाच एखादा शब्द नव्याने आला असेल, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आमच्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं. मोबाइल नुकते कुठे हातात येऊ लागले होते.

खुणा तशा आधीपासून होत्या. वर्षाची असताना सायली “ये-ये” म्हणायची, ते दीड वर्षाला थांबलं. हाक मारली तर वळायची नाही. स्टीलची झाकणं फरशीवर भिंगरीसारखी फिरवायची आणि कान जवळ नेऊन ऐकायची. सासूबाई म्हणायच्या, “तिचा बाप बी उशीराच बोलला.” आम्हाला वाटलं, ऐकू येत नसेल. म्हणून बेरा टेस्ट केली. यात मुलाला झोपवून डोक्याला तारा लावतात आणि कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. कान चांगले निघाले. त्या दिवशी आम्ही पेढे घेतले. आता आठवलं की हसू येतं.

मी शिरूरच्या एका हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं करणं, पोरांनी फोडलेलं लिहून ठेवणं. सायलीचे पप्पा रांजणगावच्या एमआयडीसीत मशीनवर. शिफ्ट बदलती, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस त्यांची आणि लेकीची गाठ ती झोपेत असतानाच पडायची.

स्टेम सेलची बातमी त्यांनीच आणली. कारखान्यातल्या कोणीतरी दिलेलं वर्तमानपत्राचं कात्रण घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवलं होतं. स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. शरीरातल्या अशा पेशी, ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात. आपल्या हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, त्या असतात. कात्रणात लिहिलं होतं की त्या काढून मुलाच्या शरीरात पुन्हा सोडल्या तर ऑटिझममध्ये फरक पडेल असं काहींना वाटतं.

“वाटतं म्हंजी?” मी विचारलं.

“आगं, छापलंय ना,” ते म्हणाले.

आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. डॉक्टर मॅडमनी दुसऱ्या एका रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे अशी एक चाचणी सुरू होत होती. ती घेणारे डॉक्टर उंच, हळू बोलणारे होते. त्यांचं पहिलं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. “हा उपचार नाही. ही चाचणी आहे. याचा उपयोग होतो की नाही हे मला माहीत नाही. माहीत असतं तर चाचणी केलीच नसती.”

सायलीच्या पप्पांचा चेहरा पडला. माझं उलट झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला कळेल अशा भाषेत बोललं होतं.

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. प्रत्येक मुलाच्या कमरेच्या हाडातून एकदाच मज्जा काढायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करून गोठवून ठेवायच्या. मग सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा शिरेतून एक पिशवी चढवायची. एका वेळी पिशवीत मुलाच्या स्वतःच्या पेशी. दुसऱ्या वेळी नुसतं सलाईन. आधी कोणती, नंतर कोणती, हे आईबापांना सांगायचं नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. याला ब्लाइंडिंग म्हणतात, म्हणजे डोळे बांधून पारख करणं. कोणाला आधी काय दिलं ते बंद पाकिटात लिहून ठेवायचं आणि पाकीट शेवटी उघडायचं.

“आम्हाला कळलं तर काय बिघडेल?” मी विचारलं.

“तुम्हाला हवं ते तुम्ही बघाल,” डॉक्टर म्हणाले. “मीसुद्धा बघेन.”

संमतीपत्र मराठीत होतं आणि बरंच लांब. सही तिथेच करू नका, घरी न्या, असं ते म्हणाले. हे लक्षात ठेवा. जिथे लगेच सही मागतात तिथून उठून यावं. आमच्याकडून त्यांनी कसलीही फी घेतली नाही. चाचणी असेल तर तसंच असायला हवं, हे मला पुढे कळलं. त्या कागदात भूल देण्याचे धोके, ताप, सूज, जंतुसंसर्ग असं सगळं लिहिलं होतं. एक ओळ अशी होती की यातून तुमच्या मुलाला काहीही फायदा होणार नाही, असंही घडू शकतं. ती ओळ सायलीच्या पप्पांनी दोनदा वाचली आणि कागद मिटून ठेवला.

माझे सासरे, आबा, कवठे येमाईला शेतावर राहतात. त्यांच्या तरुणपणी आमच्या घरात मेंढरं होती, पुढे विहीर झाली आणि शेतीत जम बसला. रविवारी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, पोरीच्या हाडाला सुई लावू नका. ते म्हणाले, “आमच्यात एकदा जंताचं नवं औषध आलं व्हतं. मी निम्म्या मेंढरांला पाजलं, निम्मी तशीच ठिवली. लोकं म्हनायची, येडा हाय. पर समद्यांला पाजलं असतं आन् बरी झाली असती, तर औषधानं झाली का पाऊसपान्यानं, कसं कळणार?”

“मग काय झालं?” मी विचारलं.

“काय न्हाई. दोन्हीकडची सारखीच ऱ्हायली.” मग ते सायलीकडे बघून म्हणाले, “पर ही मेंढरू न्हाई. तिला दुखंल. त्याचं तुम्ही बघा.”

त्याचं आम्ही बघितलं. सायलीला अंगाला काहीही चिकटलेलं चालायचं नाही. टिकली लावली तरी किंचाळायची. दवाखान्यात तर चिकटपट्टी लागणार. म्हणून पंधरा दिवस रोज मी तिच्या हाताला पट्टीचा बारका तुकडा लावायचे आणि लगेच काढायचे. मग दोन आकडे म्हणून काढायचे. मग दहा. भुलीच्या मास्कची सवय व्हावी म्हणून प्लॅस्टिकची वाटी तोंडाजवळ नेऊन फुंकर मारण्याचा खेळ केला. ज्यांना मुलाला घेऊन जायचंय त्यांनी हे जरूर करावं. ऑपरेशनच्या खोलीत शिरताना सायलीने मास्कमध्ये स्वतःहून फुंकर मारली आणि मला बाहेर पाठवलं गेलं.

मज्जा काढायला अर्धा-पाऊण तास लागला. बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी एक बाई बसली होती. तिचा मुलगा प्रथमेश सायलीच्या आधी आत जाऊन आला होता आणि तिच्या मांडीवर पेंगत होता. ती दौंडची, शोभाताई. नवरा रेल्वेत, घर रेल्वे क्वार्टर्समध्ये. तिने न विचारता माझ्या हातात बिस्किटाचा पुडा दिला.

“खाऊन घ्या. रडायला बी ताकद लागती,” ती म्हणाली.

सायली शुद्धीवर आली ती रडतच. कमरेवर मागे दोन लहान पट्ट्या होत्या. दोन दिवस ती एका अंगावर झोपली. तिसऱ्या दिवशी झाकणं फिरवायला लागली.

पहिली पिशवी महिन्याभराने चढवली. पिशवी आणि नळी, दोन्ही चंदेरी कागदात गुंडाळलेली. मी वाकून फटीतून रंग दिसतो का ते बघत होते. सिस्टर म्हणाली, “बघू नका ताई, मलापण माहीत नाही.” ती खरं बोलत होती. तिच्या डोळ्यांतही तेच कुतूहल होतं.

आता खरं काम सुरू झालं. दर आठवड्याला एक फॉर्म भरायचा. त्यासाठी रोज संध्याकाळी अर्धा तास, ठरलेल्या जागी, ठरलेल्या पाच वस्तू घेऊन सायलीसमोर जमिनीवर बसायचं. तिला शिकवायचं नाही, ओरडायचं नाही. ती काय करते ते बघायचं आणि ती जे करते तेच आपण करायचं. किती वेळा तिने बघितलं, काय मागितलं, कसं मागितलं, ते लिहायचं. एक माणूस बसायचा, दुसरा लिहायचा. म्हणून सायलीच्या पप्पांनी साहेबाला सांगून पहिली शिफ्ट कायम करून घेतली.

सहाव्या आठवड्यात तिने माझं बोट धरून मला माठापाशी नेलं. नवव्या आठवड्यात आबा आले तेव्हा तिने त्यांच्या फेट्याकडे आणि मग चेहऱ्याकडे बघितलं. अकराव्या आठवड्यात, बुधवारी, मी झाकण फिरवत होते, तिच्यासारखंच, आणि ते तिच्यापाशी जाऊन पडलं. तिने ते उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “पाणी.” तहान लागली होती. मी उठून पाणी दिलं. दारात उभे असलेले तिचे पप्पा वही पेन घेऊन तसेच खाली बसले.

त्या सहा महिन्यांत सायली दहा-बारा शब्द बोलू लागली. आमच्या मनात शंका उरली नाही. पहिल्याच पिशवीत पेशी होत्या. कारखान्यात बातमी गेली, गल्लीत गेली. वडगाव रासाईहून एक जोडपं मुलाला घेऊन घरी आलं. “ह्यो इलाज चालतो का?” त्या माणसाने विचारलं. मी म्हणाले, “अजून पाकीट उघडलं नाही.” पण माझ्या चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलं होतं, आणि तो ते वाचूनच गेला.

शोभाताईचा फोन यायचा. प्रथमेशमध्ये काहीच बदल नव्हता. सायलीने “पाणी” म्हटल्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुमच्या पोरीला आधी खऱ्या मिळाल्या वाटतं. आमचा नंबर दुसऱ्या टायमाला.” त्यानंतर तिचे फोन कमी झाले. मला वाईट वाटलं, पण मीही केले नाहीत. चांगली बातमी सांगायला संकोच वाटतो, हा अनुभव मला नवा होता.

दुसरी पिशवी चढवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सायलीला थोडा ताप आला, उतरला. पुढच्या सहा महिन्यांत नवे शब्द आले, पण सावकाश. मध्ये दोन आठवडे तर तिने स्वतःचं मनगट चावण्याचा सपाटा लावला. आम्ही म्हणायचो, साहजिक आहे, या वेळी नुसतं सलाईन आहे.

पाकीट उघडलं ती दुपार. आम्हाला आणि शोभाताईला, दोन्ही कुटुंबांना डॉक्टरांनी एकापाठोपाठ बोलावलं होतं. त्यांनी आमच्यासमोरच पाकीट फाडलं, कागद वाचला, पुन्हा वाचला आणि आमच्याकडे फिरवला.

पहिली पिशवी सलाईनची होती.

सायली पंख्याकडे बघत होती. शेवटी तिचे पप्पा म्हणाले, “सायेब, मंग ती बोलली कशी?”

“मला माहीत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“नोंद उलटी झाली आसंल.”

“मी तपासून बघतो. तुमची शंका बरोबर आहे.” त्यांनी गोठवण कक्षाची वही मागवली, नंबर आमच्यासमोर जुळवले. नोंद बरोबर होती.

बाहेर व्हरांड्यात शोभाताई भिंतीला टेकून उभी होती. प्रथमेशला पहिल्याच वेळी पेशी मिळाल्या होत्या, हे तिला आमच्या आधी कळलं होतं. मी आमचं सांगितलं आणि तिला हसू फुटलं, मग डोळ्यांना पदर लावला. “म्हंजी माझ्या लेकराला खऱ्या मिळाल्या आन् तुमच्या पोरीला मीठपानी. आन् मी सहा महिने तुमच्यावर जळत व्हते, ताई.”

मी तिचा हात धरला. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, आमची दोन्ही मुलं एकमेकांकडे न बघता शेजारी शेजारी जिना चढ-उतर करत होते.

घरी आल्यावर सायलीचे पप्पा आठवडाभर फारसं बोलले नाहीत. त्यांना वाटत होतं आपली कोणीतरी फसवणूक केली. मला मात्र झोप उडवणारा वेगळाच प्रश्न पडला होता. “पाणी” तर खरं होतं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पेशींनी नाही, तर मग कशाने?

मी सगळ्या फॉर्मच्या प्रती काढून बसले. पहिल्या पिशवीनंतरच्या त्या सहा महिन्यांत बदललेल्या गोष्टी लिहून काढल्या. सायलीचं वय चारच्या पुढे गेलं होतं. स्पीच थेरपी, म्हणजे बोलायला शिकवण्याची तालीम, सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. तिचे पप्पा रोज संध्याकाळी घरी असू लागले होते. आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं रोज अर्धा तास, काही न शिकवता, तिच्यासमोर जमिनीवर बसत होतो. ते आम्ही तपासणी म्हणून करत होतो. ती बहुधा त्याला खेळ समजत होती.

मी ते डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, “यातलं काहीही असेल, किंवा सगळं मिळून असेल. एका मुलावरून मला सांगता येणार नाही. तुम्हीही सांगू नका.” सगळ्या मुलांचा हिशोब लागल्यावर त्यांनी कळवलं की पेशींचा उपयोग होतो असं म्हणण्यासारखं काही हाती लागलं नाही. आणखी मोठ्या चाचण्या लागतील. तोवर हे औषध म्हणून विकणं बरोबर नाही.

विकणारे होतेच. पुण्यातल्याच एका क्लिनिकने पालकांची सभा ठेवली होती. सायलीचे पप्पा मला न सांगता सुट्टी टाकून गेले. मला कळलं तेव्हा माझा जीव घाबरला. पुन्हा सुई, पुन्हा भूल, आणि या वेळी उपयोग होतो का ते न तपासताच थेट पेशी. संध्याकाळी ते परत आले, चपला काढल्या, सायलीसमोर नेहमीच्या जागी जाऊन बसले.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“लई पोरं दाखवली पडद्यावर. आधी आन् नंतर. एक तर सायलीवानीच पानी मागत व्हता.” त्यांनी एक झाकण सायलीसमोर फिरवलं. “मी हात वर केला. इचारलं, ज्यांला दिलं न्हाई त्या पोरांचं काय झालं? ती पडद्यावर का न्हाईत?”

“मग?”

“तो मानूस म्हनला, प्रश्न शेवटाला घेऊ. शेवटाला त्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाई. मागच्या रांगेतली दोन मानसं मातर माझ्यासंगट उठून बाहेर आली.”

मी त्यांच्यासाठी चहा टाकला. लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. या माणसाचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

वडगाव रासाईच्या त्या जोडप्याकडे मी स्वतः गेले. माझ्या चेहऱ्याने दिलेलं उत्तर चुकीचं होतं, हे सांगायला. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हंजी काईच इलाज न्हाई?” मी म्हणाले, “पिशवीतला तरी अजून नाही.” मग त्याच्या बायकोला अर्धा तास बसायचं कसं ते दाखवलं आणि जवळच्या तपासणीची जागा सांगितली.

त्यानंतर शोभाताईचा फोन आला. “ताई, त्या अर्ध्या तासात तुम्ही नेमकं काय करत व्हता? फारम तर मी बी भरला. पर खरं सांगते, स्वयंपाक करता करता भरला.”

पुढच्या रविवारी आम्ही तिघं दौंडला गेलो. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकली. प्रथमेश कोपऱ्यात पाठ करून बसला होता आणि बोटांनी भिंतीवर ठोके देत होता. आम्हीही ठोके दिले. तासभर दुसरं काही झालं नाही. मी शोभाताईला सांगितलं की सायलीचं झालं ते याचं होईल असं मी म्हणणार नाही. ती म्हणाली, “व्हय, ते आता मला बी कळतं.”

झालंही नाही. प्रथमेश आजही बोलत नाही. सायली बोलते, तुटक वाक्यांत. शाळेत गेली, दहावी नाही झाली, आता आबांच्या शेतावर रोपं लावायला तिला आवडतं, कारण रोपं ओळीत असतात. तिला अजूनही गर्दी सोसत नाही आणि मला अजूनही कळत नाही की त्या बुधवारी तो शब्द कुठून आला. त्या उंच डॉक्टरांचे मी आभार मानते. त्यांनी आम्हाला दिलेलं सगळ्यात मोलाचं वाक्य “मला माहीत नाही” हेच होतं. त्या वाक्यानंतर आम्ही बघायला लागलो.

तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली. दौंडला जाऊन आम्हाला दोन महिने झाले असतील. शोभाताईने फोन केला. आवाजात घाई होती, मागे गाडीचा खडखडाट.

“ताई, प्रथमेशचे ठोके उगाच न्हाईत. आवो, तो मालगाडीचे डबे मोजतो. क्वार्टरामागनं गाडी गेली का तेवढेच ठोके देतो. मी आज बाहेर उभी ऱ्हाऊन मोजले. एकबी चुकला न्हाई. इतकी वर्षं मी त्याचा हात धरून ते बंद करत व्हते.”

“मग आता?”

“आता मी बी बसते मोजायला,” ती म्हणाली. “थांबा, आली एक. ठेवते.”